गोमेसीच्या टोकात कोण होतं?

कंपाला,
मंगळवार, शाळा सुटल्यावर

आदरणीय मेहुणे सेन्तोंगो यांस,

मुकीबीचा गुडघे टेकून नमस्कार. (टेबलाखाली जागा कमी असल्यामुळे प्रत्यक्षात एकच गुडघा टेकला आहे. दुसरा टेकल्याचं धरून चालावं.) रात्र कशी गेली? दिवस कसा गेला? किगालीला थंडी आहे का, वहिनींची कंबर कशी आहे, मुलं अभ्यास करतात का, की आमच्या शाळेतल्यासारखी अभ्यास करण्याचा अभ्यास करतात? तुमच्या औषधांच्या दुकानाची भरभराट होवो असं लिहिणार होतो, पण त्याचा अर्थ किगालीतले लोक आजारी पडोत असा होतो, म्हणून दुकान नुसतं उघडं राहो एवढंच म्हणतो. इकडे सगळे बरे आहेत. हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं आणि ते खरं आहे का याचा विचार केला. खरं आहे. सगळे बरे आहेत. मीच काय तो नाही.

विषय फोनवर बोलण्याजोगा नाही म्हणून पत्र लिहितो. उद्याच्या सकाळच्या बसने ते तुमच्याकडे येईल. सासरे गेल्यावर त्यांच्या जागी तुम्ही बसलात, तेव्हा घरातल्या असल्या बाबींचा निकाल तुमच्याचकडे मागायला हवा. बाब तुमच्या मातोश्रींच्या संदर्भातली आहे. घाबरू नका, त्या ठणठणीत आहेत. माझ्यापेक्षा फारच ठणठणीत आहेत, आणि तोच या पत्राचा निम्मा विषय आहे.

तुम्हाला माहीतच आहे, पावसात केळीच्या बागेत त्या घसरल्या आणि शेजारणीला दिसेपर्यंत तशाच पडून राहिल्या, तेव्हा तुम्ही आणि तुमच्या बहिणीने, म्हणजे आमच्या नामुलीने, ठरवलंत की आता त्यांनी मसाकाकडच्या त्या घरात एकटं राहायचं नाही. मी आमच्या अंगणामागची खोली नीट करून घेतली. वेगळं दार, वेगळी चूल, मध्ये मेंदीचं कुंपण. त्या आल्या, पण "महिनाभर बघते" असं म्हणून आल्या. महिना या रविवारी संपत होता. सोमवारी त्या सांगणार होत्या, राहते की जाते. नामुलीची झोप उडाली होती. मला वाटत होतं, की मी कुठे चुकलो नाही तर त्या राहतील. चुकू नये म्हणून मी जे जे केलं ते ऐका.

सासू-जावयाने एकमेकांना शिवायचं नाही, समोरासमोर यायचं नाही, हातातून हातात वस्तू द्यायची नाही, एका बाकावर बसायचं नाही, हे आपल्या घरात पूर्वीपासून आहे. शहरात हल्ली लोक सैल झालेत. आमचा शेजारी आणि माझा मित्र कागवा आपल्या सासूच्या गळ्यात पडतो, आणि ती त्याला फोनवर विनोद पाठवते. (त्यातले काही त्याने मला दाखवले. मी ते पाहिल्याबद्दल रोजनिशीत खेद नोंदवला.) मी तसा नाही. सासूबाई अंगणात येण्याची चाहूल लागली की मी घरात जातो. मला बाहेर जायचं असेल तर आधी खोकतो, म्हणजे त्यांना आत जायला अवधी मिळतो. मी इतका खोकत होतो की दुसऱ्या आठवड्यात पलीकडच्या बाईंनी आल्याचा काढा पाठवला. तो मी प्यायलो. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. बोलायचंच झालं तर मध्ये आमची नाबोसा. ती नऊ वर्षांची आहे आणि निरोप पोचवताना त्यात आपला मीठमसाला घालते. मी म्हटलं, "आजीला विचार, पाणी पुरतंय का?" तर तिकडून उत्तर आलं, "आजी म्हणते पुरतंय, आणि मला आइस्क्रीम द्यायला हवं."

शेवटचा रविवार कसा घालवायचा यावर कागवा म्हणाला, "मास्तर, त्यांना तळ्याकाठच्या त्या नव्या उद्यानात ने. पाळणे आहेत, जहाज आहे, सगळं आहे. म्हातारीला कळू दे, शहर म्हणजे नुसता तुझा खोकला नव्हे." त्याच्याकडे तीन रांगांची गाडी आहे. मी पुढे त्याच्याशेजारी, नामुली आणि नाबोसा मध्ये, सासूबाई सगळ्यात मागे, अशी मांडणी मी आदल्या दिवशी कागदावर काढून ठेवली होती. आरशातून मागचं दिसू नये म्हणून तो आरसा मी वळवलासुद्धा. कागवाने तो पुन्हा सरळ केला. म्हणाला, "मर्यादा पाळायला आधी जिवंत राहावं लागतं, मास्तर."

सासूबाईंबरोबर जायचं म्हणून मी पांढरा, पायघोळ कांझू घातला आणि वर कोट. सासूबाईंनी निळी गोमेसी नेसली होती, कडक खळ घातलेली, खांद्यांवर दोन टोकं उभी, कमरेला रुंद पट्टा. त्या खांद्यांकडे लक्ष असू द्या, पुढे काम आहे. नामुली जीन्समध्ये होती. उद्यानाच्या दारात आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो तेव्हा ती मला सहलीला घेऊन आलेली वाटत होती, आणि मी लग्नाला निघालेला.

दारावर पाटी होती, बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई. सासूबाईंनी पहाटे उठून केळीच्या पानात बांधून वाफवलेलं कच्च्या केळ्यांचं मटोके आणि शेंगदाण्याचं कालवण आणलं होतं आणि त्याची वाफ अजून गाठोड्यातून निघत होती. मी पाटी दोनदा वाचली आणि गाठोडं गाडीत ठेवून येऊ या असं नाबोसामार्फत सुचवलं. सासूबाईंनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं आणि पहारेकऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. रात्र कशी गेली, असं त्यांनी त्याला विचारलं. मग घरचे कसे आहेत, आई कुठे असते, तिच्या गुडघ्यांचं काय, कोणत्या कुळातला तू. तो उत्तरं देत गेला. आईच्या गुडघ्यांपाशी त्याचा आवाज जरा ओला झाला. ज्या बाईने आपल्या आईचे गुडघे विचारले तिचं गाठोडं उघडून कसं बघणार? त्याने उचलून आत आणून दिलं. (नियम मोडला गेला. मोडणाऱ्यांत मी होतो की नव्हतो हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मटोके मी खाल्लं.)

जेवण झाल्यावर जहाज. तुम्ही पाहिलं असेल, मोठी होडी दोन खांबांमध्ये टांगलेली असते आणि ती मागेपुढे झोके घेते. माझा बेत खाली पिशव्या धरून उभं राहायचा होता. मला उंचीची भीती वाटते. घराच्या छपराची गळती बघायला मी आरशाला काठी बांधतो. पण सासूबाई पाय न अडखळता नामुली आणि नाबोसाला घेऊन जहाजात चढल्या आणि कागवा मोठ्याने म्हणाला, "सासू जहाजावर आणि जावई खाली पिशव्यांचा राखणदार! मसाकाला काय सांगतील रे त्या?" मी दुर्लक्ष केलं. मग नाबोसा धावत कठड्याशी आली. "बाबा, आजी विचारते, तुम्ही घाबरता का?" (हे आजीने विचारलं होतं की नाबोसाने, हे मी अजून तपासलेलं नाही. दोन्ही उत्तरं मला नको आहेत.) पिशव्या मी कागवाकडे दिल्या आणि चढलो.

आता चूक ऐका. सासूबाई होडीच्या डाव्या टोकाला, शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. मी विचार केला की आपण त्यांच्यापासून जास्तीत जास्त लांब बसावं. म्हणून मी सगळ्यांना ओलांडून उजव्या टोकाच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसलो, गुडघ्यांवरचा दांडा खाली आला, कुलूप लागलं, आणि मग मी मान वर केली. मेहुणे, अशा जहाजातले बाक मधोमध तोंड करून असतात. डाव्या टोकाचा माणूस उजव्या टोकाच्या माणसाकडे बघतो, आणि दुसरं काही बघूच शकत नाही. लांब बसण्याच्या नादात मी त्या अख्ख्या जहाजातली एकमेव जागा शोधून काढली होती, जिथून तुमच्या मातोश्री मला अगदी समोर दिसतील. मी शाळेत लंबक शिकवतो. परीक्षेत त्यावर प्रश्न काढतो. मुलांनी चुकवला तर लाल शाईने 'विचार करा' असं लिहितो.

जहाज हललं. मी वर गेलो, त्या खाली. म्हणजे जावई सासूच्या डोक्यावर. मी शरमेने डोळे मिटले. मग त्या वर गेल्या, मी खाली. हे नात्याच्या दृष्टीने बरं होतं, पण पोटाच्या दृष्टीने नव्हतं. तिसऱ्या झोक्याला माझा कांझू फुगला आणि छातीपर्यंत वर आला. खाली विजार होती हे मी शपथेवर लिहितो, आणि नामुलीही सही करायला तयार आहे. मी 'थांबवा' असं ओरडत होतो असा माझा समज होता. नाबोसा म्हणते, मी 'आई गं' ओरडत होतो, आणि दर वेळी आजीकडे बघून.

एकदा डोळे उघडले तेव्हा त्या हसत होत्या. तोंड उघडं टाकून, दांडा सोडून, दोन्ही हात वर करून हसत होत्या. त्यांच्या पुढच्या दातांत फट आहे. नामुलीच्या दातांत आहे तशीच. नामुलीने ती कुठून आणली असेल हा प्रश्न लग्नाला इतकी वर्षं होऊन मला कधी पडला नव्हता, कारण मी तुमच्या आईचा चेहरा कधी नीट पाहिलाच नव्हता. ही गोष्ट मी तक्रार म्हणून लिहीत नाही. कशासाठी लिहितो ते मलाही नक्की सांगता येत नाही.

उतरलो तेव्हा माझे हात थरथरत होते. दोन्ही. कोटाची गुंडी लागेना. सासू-जावयाच्या मर्यादेत बाधा आली की हात थरथरायला लागतात आणि जन्मभर थांबत नाहीत, हे आपल्याकडे दूधपितं पोरही जाणतं. मी विज्ञानाचा पदवीधर आहे. भीतीने शरीरात काय काय स्रवतं आणि हात का कापतात ते मी फळ्यावर काढून दाखवू शकतो. (त्या वेळी नसतो दाखवू शकलो. खडू धरता आला नसता.) कागवा ओरडला, "लागलं! मास्तर, सासूचं लागलं! हात बघा त्याचे!"

"कागवा, तोंड बंद कर," नामुली म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळली. "नाबोसाचे बाबा, आईपासून लांब बसायचं म्हणून तुम्ही तिच्या समोर जाऊन बसलात?"

"ते टोक सर्वांत लांब होतं."

"लांब आणि समोर! जहाजात बसलेल्या पोरांनाही ते दिसत होतं. आणि म्हणे लंबक शिकवतात."

सासूबाईंनी माझ्या हातांकडे एकदा पाहिलं, हसू गेलं, आणि त्या लांब आंब्याखालच्या बाकावर जाऊन बसल्या. थोड्या वेळाने नाबोसा माझ्याकडे आली. या वेळी तिने निरोपात काही घातलं नसावं, कारण तिचा चेहरा उतरला होता. "आजी विचारते, सोमवारी मसाकाची पहिली बस कधी असते."

मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. म्हणालो, बघून सांगतो. (हे खोटं होतं.) नामुलीने ते ऐकलं आणि ती काही न बोलता कागवाला घेऊन सोडा आणायला गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. महिनाभर खोकून, लपून, काढा पिऊन मी जे जपलं ते एका जहाजात बुडालं होतं.

पुढचं मी जपून लिहितो, कारण निकाल त्यावरच आहे. सासूबाईंनी मोठ्या गोल पाळण्याकडे बोट दाखवलं आणि नाबोसाला विचारलं, वरून मसाकाचा रस्ता दिसेल का? दोघी जाऊन एका डब्यात बसल्या. डबा दोन्ही बाजूंनी उघडा, समोर आडवा दांडा. एवढ्यात माझं लक्ष गेलं, सासूबाईंची हातपिशवी आंब्याखालीच राहिली होती आणि त्यांचा चष्मा त्यात असतो. चष्म्याशिवाय कसला रस्ता दिसणार? मी पिशवी उचलून धावलो. मला धावताना बघून नाबोसाने ओळखलं की बाबा आजीच्या हातात पिशवी देणार नाहीत, आपणच घ्यायला हवी. पोरीला वळण चांगलं आहे. ती डाव्या बाजूने उडी मारून खाली उतरली. त्याच क्षणी, हातातून हातात द्यायचं नाही म्हणून, मी उजव्या बाजूने आत वाकून पिशवी बाकावर ठेवत होतो. पाळणेवाल्याला एक माणूस उतरताना दिसलं आणि एक चढताना. त्याने माझ्या पाठीला हलकेच ढकललं, दांडा लावला, आणि पाळणा सुरू केला. आम्ही दोघांनीही रीत काटेकोर पाळली होती. एकाने जरी गबाळेपणा केला असता तरी हे घडलं नसतं.

आम्ही अगदी वर पोचलो तेव्हा वीज गेली.

मी तळ्याकडे तोंड करून बसलो, त्या शहराकडे. मध्ये पिशवी. मी कडेला सरकलो की डबा माझ्या बाजूला कलायचा, त्या तोल सावरायला पलीकडे सरकल्या की त्यांच्या बाजूला. खाली नाबोसा मुंगीएवढी दिसत होती. निरोप न्यायला कोणी नव्हतं. बराच वेळ वारा तेवढा बोलत होता. मग सासूबाईंनी त्या पिशवीला हाक मारली.

"नाबोसा," त्या पिशवीला म्हणाल्या, "तुझ्या बापाला विचार, हे खाली कधी जाणार?"

मी पिशवीला म्हणालो, "आजीला सांग, वीज आली की."

"विचार, वीज कधी येणार?"

(मी शाळेत आहे, वीजमंडळात नाही, असं माझ्या मनात आलं. बोललो नाही. पण आलं, म्हणून नोंदवतो.) "सांग, ते सांगता येत नाही."

पुन्हा वारा. मग त्या म्हणाल्या, "नाबोसा, तुझ्या बापाला विचार, मी इथे आलेली त्याला आवडलं नाही का?"

मी पिशवीचा बंद सरळ केला.

"विचार त्याला. मी अंगणात आले की तो घरात. मी दारात आले की तो कुंपणाआड. परवा मला बघून केळीच्या मागे लपला. केळ केवढीशी आणि हा केवढा! सगळा दिसत होता. मी लाजेने आत गेले. गावात माझ्या कोंबड्यासुद्धा मला बघून अशा पळत नाहीत गं. आणि तो खोकला! वाटलं, माझ्या चुलीच्या धुराचा याला त्रास होतो, सांगायची भीड पडते, म्हणून खोकतो. आज जहाजावर पहिल्यांदा वाटलं, हा माणूस आहे, माझ्यासारखाच ओरडतो. तर खाली उतरल्यावर त्याचे हात बघितले. नुसतं माझं तोंड बघून ही गत. म्हटलं, जावं आपण."

मेहुणे, मी सन्मान मीटरमध्ये मोजत होतो. जितकं अंतर जास्त तितका मान जास्त, असा माझा हिशोब होता, आणि महिनाभर मी अंतर वाढवत होतो. दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला ते कसं दिसतं याचा विचार मी जहाजात केला नाही तसाच अंगणातही केला नव्हता.

मी पिशवीला म्हणालो, "नाबोसा, आजीला सांग, हात उंचीच्या भीतीने कापत होते. आत्ताही कापतायत. सांग, खोकला धुराचा नाही. पहाटे मागच्या चुलीचा धूर आला की घरात कोणी मोठं माणूस आहे असं वाटतं. तुझा बाप पळतो तो तिला घाबरून नाही, चुकायला घाबरून." मग धीर केला. "सांग, ती गेली तर तुझी आई रडेल, तू रडशील. आणि मीही काही हसणार नाही."

मग त्या पिशवीला म्हणाल्या, "तुझा आजोबा माझ्या आईला फार मान द्यायचा. इतका लांब राहिला, की ती गेल्यावर तिचा आवाज कसा होता हे त्याला आठवेना. त्याचं त्याला फार वाईट वाटायचं."

एवढ्यात वीज आली. पाळण्याला जो हिसका बसला त्यात डबा पुढे झुकला, मला खाली थेट जमीन दिसली, आणि माझा हात आपला आपण गेला आणि हाताला लागलं ते त्याने धरलं. ते सासूबाईंच्या गोमेसीच्या डाव्या खांद्याचं टोक होतं. खाली येईपर्यंत सोडलं नाही. सोडायचं असं ठरवलं होतं, पण बोटं माझं ऐकत नव्हती.

उतरल्यावर सासूबाईंनी चुरगळलेलं टोक पुन्हा उभं केलं. ते उभं राहिना. समोर नामुली हातात सोड्याच्या बाटल्या घेऊन थिजली होती. सासूबाई गंभीरपणे नाबोसाला म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "तुझ्या बापाला म्हणावं, झाली गोष्ट लहान नाही. याचा निकाल सेन्तोंगोनेच द्यायला हवा. आणि असला निकाल लागेपर्यंत सासूने जावयाचं अंगण सोडायचं नसतं. माझ्या आईच्या वेळेपासून असंच आहे. उद्याच्या बसचं राहू दे."

तर प्रश्न असा आहे. गोमेसीचं टोक खांद्याच्या वर उभं असतं. आत अंग नसतं. खळ असते आणि हवा असते. मी नामुलीची जुनी गोमेसी काढून टोक चाचपून पाहिलं, आत माझी दोन बोटं सहज मावली. म्हणजे मी जे धरलं त्यात सासूबाई नव्हत्या असं म्हणता येतं. पण दुसऱ्या बाजूने, टोक ओढलं की शिवण ओढली जाते, शिवण ओढली की खांद्याला कळतं, आणि त्यांना कळलं असणारच, कारण मी वजनाने कमी नाही. कागवाचं म्हणणं, कापड म्हणजे कापड, नाहीतर वाळत घातलेल्या कपड्यांनाही नमस्कार करावा लागेल. नामुलीचं म्हणणं, कापड कोणाच्या अंगावर आहे त्यावर आहे. मला दोघांचंही पटतं, आणि दोघांचंही पटतं हा माझा जुना दोष आहे.

मेहुणे, मी शिवलो की नाही शिवलो? शिवलो असेन तर काय प्रायश्चित्त घ्यायचं, कोणाला बोलवायचं, काय द्यायचं, ते कळवा. माझे हात आज स्थिर आहेत (अक्षरावरून दिसेलच), पण मनाचं तसं नाही. कृपा करून उलट टपाली निकाल कळवावा. वहिनींना, मुलांना आणि किगालीतल्या तब्येत धडधाकट असलेल्या सर्व गिऱ्हाइकांना आमचे नमस्कार.

तुमच्या आज्ञेत राहू इच्छिणारा,
मुकीबी

ता. क. पत्र वाचून पाहिलं. वर 'धरलं' असं लिहिलं आहे. 'लटकलो' हा शब्द जास्त खरा आहे. निकाल देताना तोच धरावा.

ता. क. पत्र इथपर्यंत नामुलीला वाचून दाखवलं आणि तिने ते मागच्या दारी मोठ्याने वाचलं, म्हणजे ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलं. आता पुढचं फक्त तुमच्यासाठी. निकाल लागेपर्यंत अंगण सोडायचं नाही, या रीतीची मी चौकशी केली. कागवाची आजी या भागातली सर्वांत म्हातारी बाई आहे आणि तिला अशा गोष्टी तोंडपाठ आहेत. ती म्हणाली, असलं काही तिने जन्मात ऐकलेलं नाही. मग आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या मास्तरांना विचारलं. तेही नाही म्हणाले. ही रीत जगात फक्त तुमच्या आईला ठाऊक आहे, आणि तीही रविवारी दुपारपासून. हे मी नामुलीला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तेव्हा मेहुणे, हात जोडून खरी विनंती अशी की या पत्राला उत्तर देऊ नका. 'उलट टपाली' हे शब्द मी खोडत नाही, कारण ते मोठ्याने वाचून झाले आहेत, पण तुम्ही ते वाचले नाहीत असं समजा. फारच कोणी विचारलं तर म्हणावं, प्रश्न गहन आहे, विचार चालू आहे. वर्षभर चालला तरी माझी काही तक्रार नाही. त्यानंतर मी पुन्हा काहीतरी धरीन.

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात नाबोसा आली. आजीने विचारलंय, पत्र गेलं का? मी म्हटलं, सांग, उद्या सकाळच्या बसने जाईल. ती गेली आणि लगेच परत आली. आजी म्हणते, एवढी काय घाई आहे, आणि पाकिटावर पत्ता लिहायचा राहिला तरी चालेल.